चार बोटं खाली

हे लिहिणारच नव्हतो. वाचणारा म्हणेल, काहीही फेकतोय. पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकतो.

पूर ओसरून बारा दिवस झाले होते. गल्लीच्या जागी नुसता गुळगुळीत गाळ, आणि त्यावर सकाळचं धुकं. गवंडी बादलीतून मूठमूठ चुन्याची फक्की घेऊन पांढऱ्या रेघा ओढत होता. उद्या मोजणीवाले येणार होते आणि कुणाचं घर कुठं होतं हे दाखवायला एकाकडेही कागद उरला नव्हता. गल्लीतली झाडून सगळी घरं त्यानेच बांधलेली. तो पावलं मोजायचा, डोळे मिटायचा, रेघ ओढायचा, दारापुरती जागा मोकळी सोडायचा.

लोक आपापल्या घरात शिरायला लागले. आणि रेघ कुणीच ओलांडेना. सगळे दारातून. एका बाईने तर उंबऱ्याशी चिखलाच्या चपला काढल्या.

"अहो, आधी दार वाजवा की!" धुक्यातून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं.

"तुमची भिंत अजून वीतभर आमच्यात आहे, ते बघा आधी!"

दोघंही हसले. कितीतरी दिवसांनी.

शिंपी तेवढा लांब उभा होता. ताडमाड उंच माणूस, खांद्याला पिशवी. गवंड्याचा लहानपणापासूनचा दोस्त. बायको पुरात गेली, आता इथं कुणासाठी राहायचं, म्हणून दहाच्या गाडीने भावाकडे निघालेला. कायमचा.

"लंबू, तुझं घर आखलंय. बघून तरी जा."

"फक्कीत काय बघायचंय?"

"माझ्यासाठी ये."

शिंपी आला. दाराशी आला, खांदे आवळले, मान खाली घातली आणि वाकून आत गेला.

आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. वर नुसतं आभाळ.

गवंडी हसला नाही. हे घर त्याचं पहिलंवहिलं काम. चौकट चार बोटं खाली बसली होती. पहिलं वर्षभर शिंप्याच्या कपाळावर टेंगूळ असायचं. "माझं माप चुकलं तर शिवण उसवता येते," तो म्हणायचा, "तुझी चौकट कशी उसवू?" शेवटी शिंप्याच्या बायकोने चिंध्या भरून एक लांबट उशी शिवली आणि चौकटीला ठोकली. तरी टोमणे वीस वर्षं चालूच.

"नवीन बांधताना चौकट चांगली हातभर उंच घेतो," गवंडी म्हणाला. "राहा तू. एकदा चूक सुधारू दे मला."

शिंप्याने पिशवीत हात घातला. चिखलाने वाळून कडक झालेली ती उशी बाहेर काढली. गाळात तेवढीच सापडली होती.

"मग ही कुठं ठोकायची?"

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. शिंप्याने मान वळवली नाही. आखलेल्या दारात येऊन त्याने उशी दोन्ही हातांनी कपाळासमोर धरली, अगदी होती तिथं.

गवंड्याने बादली खाली ठेवली. जमिनीपासून उशीपर्यंत वीत वीत लावत माप घेतलं. खात्रीसाठी दोनदा घेतलं.

"इथंच," तो म्हणाला. "बोटभरसुद्धा वर घेणार नाही. शब्द देतो, लंबू."