ऑस्करची खोड

"बाबा, सकाळपासून काचेला चिकटून बसलाय हो. घालू का थोड्या अळ्या?" सुनेचा जीव कळवळला होता.

"अजिबात नाही," दत्तारामांनी फिशटँकचं झाकण बंद केलं. त्यांचा ऑस्कर मासा जिवंत अळ्यांखेरीज कशालाच तोंड लावत नव्हता. सुके दाणे टाकले की थुंकून टाकायचा. "दया दाखवलीस की चटावलाच म्हणून समज. उपाशी ठेव. भूक लागली की मुकाट्यानं खाईल."

आणि खरंच, आठवडाभरात माशानं दाणे गिळले. सुनेला पटलं.

वर्ष सरायच्या आत दत्तारामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. हॉलमध्ये, टँकसमोरच त्यांची खाट टाकली. डॉक्टरांनी फक्त अळणी पेज सांगितली होती. जन्मभर तळलेल्या बोंबलावर जेवलेला माणूस. पहिलाच घास त्यांनी थुंकला. दुसराही. सुनेनं जराही न चिडता त्यांचं तोंड पुसलं आणि वाटी उचलली.

"दूध तरी देऊया का गं?" मुलानं दारातून विचारलं.

"नको. लाड केले की चटावतात. बाबांनीच शिकवलंय मला." जाता जाता तिनं टँकमध्ये चिमूटभर दाणे टाकले.

दत्तारामांनी कशीबशी मान वळवली. मासा वर आला आणि एकही दाणा न थुंकता खाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वाटी घेऊन आली, तेव्हा त्यांचं तोंड आधीच उघडं होतं.