डोकं ठिकाणावर

कायद्याची पदवी, त्यावर उमेदवारी, त्यावर नोटरीची अवघड परीक्षा. समोरच्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे यास्नाबाई एका नजरेत ओळखतात, असा शिबेनिकमध्ये त्यांचा लौकिक. ज्लात्को आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याला, श्पीरोला, त्यांच्याकडे घेऊन आला. सासऱ्याचं समुद्रकाठचं घर त्याला स्वतःच्या नावावर करून हवं होतं.

"श्पीरोकाका, हे कोण?" बाईंनी ज्लात्कोकडे बोट दाखवलं.

"हा? मासळीचा दलाल. वजनात मारतो मेला."

"अहो बाबा, मी तुमचा जावई!"

"जावई? माझंच अजून लग्न व्हायचंय. बाई, तुमचं झालंय का हो?"

बाईंनी फाइल मिटली. "माफ करा, यांना समज उरलेली नाही. यांची सही मला चालणार नाही." ज्लात्कोने नकाराचं कारण लेखी मागितलं, तेही त्यांनी शिक्क्यानिशी दिलं.

त्या संध्याकाळी श्पीरोने खानावळीत सगळ्यांना वाइन पाजली आणि जावयाला नि नोटरीबाईंना कसं गंडवलं, ते नकला करकरून सांगितलं. लोक हसून हसून लोळले.

हिवाळ्यात ज्लात्को घर विकायला पुन्हा बाईंकडे आला, तो एकटाच.

बाईंचा तो लेखी नकार वाचून कोर्टाने त्यालाच सासऱ्याचा पालक नेमलं होतं, आणि आता श्पीरोच्या नावाने सही तोच करणार होता.