कडू घास

आईने कॉलेजच्या गॅदरिंगसाठी ब्लाउज उसवून सैल करून दिला, तशी मधुवंती भडकली. “इतकी जाडी झाली का मी?” “अंगानं भरली वं. डबा घेऊन जा.” “भूक नाही.” भूक रोजच असायची, पण मैत्रिणी तिच्या पोळ्या मोजून हसल्यापासून तिने ती कुणाजवळ कबूल केली नव्हती. दुसऱ्या दिवशी झटका येऊन आई गेली. घाटावरून माणसे परतली. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजारच्या ताराकाकूंनी कडू घासासाठी पिठलंभात आणला. सगळे नावापुरते जेवून उठले. मधुवंतीची पत्रावळ मात्र रिकामी झाली. आत्या पुटपुटली, “माय गेली, अन् पोरीले घास उतरून राहिला!” शरमेने मधुवंतीचे कान तापले. काकू भाताचे पातेले घेऊन तिच्यासमोर थांबल्या. “वाढू का वं?” मान खाली घालून ती सगळ्यांदेखत म्हणाली, “काकू, मले भूक लागली.”