एकशेबारावं पान

लेखिका सोफ्यावर डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. ती पानं मोजत होती. खिडकीपाशी तिची धाकटी बहीण तिचंच पुस्तक वाचत बसली होती. बोट जिभेला लावून पान उलटायची लहानपणची सवय धाकटीला अजून होती, त्यामुळे मोजणं सोपं जात होतं. अठ्ठ्याण्णव. शंभर. एकशेदोन.

पहिलंच पुस्तक. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली रहस्यकथा. ज्या चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायचं काम करायची, तिथल्या मालकांनी कौतुकाने विचारलं होतं, "छान छान. आता मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा टेकवताना ही बाई त्याच्या चेहऱ्यात चोर शोधते, हे मालकांना माहीत नव्हतं, तेच बरं. निम्मं पुस्तक तिने पहाटे ओट्यापाशी उभ्याने लिहिलं होतं. उरलेलं निम्मं सुट्टीच्या दुपारी याच सोफ्यावर, डोळे मिटून. जाग सुटत आलेली आणि झोप लागायची बाकी, अशा वेळी तिला सगळं सुचायचं. तेव्हाच एक आवाजही यायचा. टिकटिक, पण पाण्याखालून आल्यासारखी. आताही येत होती.

जेवणं झाल्यावर धाकटीने पुस्तक हातात घेतलं तेव्हा आधी शेवटचं पान उघडलं होतं. रहस्यकथा शेवटाकडून वाचायची हा तिचा जन्माचा नियम.

"हे काय गं ताई? शेवटी चोर नाहीच. एक मुलगी शर्यतीच्या रेषेवर उभी आहे आणि शिट्टी वाजायच्या आत पुस्तक संपतं."

"पुढचं मला सुचेना."

"मग चोर कुठेय?"

"मध्ये आहे कुठेतरी," असं म्हणून लेखिकेने झोपेचं सोंग घेतलं होतं.

चोर एकशेबाराव्या पानावर होता, आणि मुद्दाम होता. प्रकाशकांना तिने ही नवी शैली आहे म्हणून सांगितलं होतं. खरं कारण खिडकीत बसलं होतं. धाकटीने पहिल्यापासून वाचत यावं, चोराची आणि तिची आधी ओळख व्हावी, जमलंच तर थोडी माया लागावी आणि मगच कळावं, एवढीच तिची इच्छा होती.

एकशेआठ. एकशेदहा. सोफ्याच्या हातावरचं ऊन सरकत सरकत तिच्या पावलांवर आलं. पडदा फुगला, बसला. कुठल्या तरी घरात कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला.

एकशेबारा.

त्या पानावर बारा वर्षांची एक मुलगी गच्चीवर जाते, पाण्याच्या टाकीचं झाकण सरकवते आणि वडिलांचं स्टॉपवॉच आत सोडून देते. वडील रोज पहाटे धाकट्या बहिणीला पळायला मैदानावर नेतात आणि हिला कुणी उठवतसुद्धा नाही, म्हणून. आळ धाकटीवर येतो. दुसऱ्या दिवसापासून वडील तिला मैदानावर नेत नाहीत. पुढे कित्येक दिवस थोरलीला घरातल्या प्रत्येक नळातून टिकटिक ऐकू येते.

पुढचं पान उलटलं गेलं नाही. ऊन घोट्यापर्यंत चढलं.

"मी रडून रडून सांगत होते बाबांना," धाकटी म्हणाली. "मी नाही हरवलं म्हणून."

"हो."

"तू दारात उभी होतीस."

"हो."

"दोनशे पानं लागली तुला? मी घेतलं होतं, एवढं म्हणायला?"

लेखिकेने डोळे उघडले. "तोंडातून निघतच नव्हतं गं," ती म्हणाली. ते इतकं लंगडं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. पुस्तकातल्या मुलीला तिने याहून बरं वाक्य दिलं होतं.

धाकटीने पुस्तक खिडकीत पालथं ठेवलं आणि ती उठून दाराकडे गेली. चालली ही, लेखिकेला वाटलं, आता काही परत येत नाही. उठून तिला अडवावं असं फार वाटलं, पण ती पडूनच राहिली. दाराशी खुडबुड झाली. लेखिकेने मान वळवून पाहिलं. धाकटी खाली बसून तिचे, लेखिकेचे, बूट घालत होती. नाडीला दुहेरी गाठ मारत होती, बाबांनी शिकवली होती तशी.

"माफ केलेलं नाही मी," ती गाठीकडे बघत म्हणाली. "खिडकीत ये आणि मोज."

"स्टॉपवॉच कुठे आहे आपल्याकडे..."

"तोंडाने मोज. आता तरी तोंड उघड."

खालचा रस्ता दुपारच्या झोपेत होता. दुकानांची शटर अर्धी ओढलेली, टपालपेटीच्या सावलीत एक कुत्रं लवंडलेलं. धाकटी फाटकाबाहेर आली. लेखिकेनेच काचा बसवलेला चष्मा तिने डोक्यावर ढकलला, एक पाय मागे टाकला आणि वर पाहिलं. चाळिशी उलटलेली बाई भर दुपारी रस्त्यात वाकून उभी होती. तिला शिट्टी हवी होती, आणि लेखिकेला शिट्टी वाजवता येत नव्हती.

"एक," लेखिका म्हणाली. आवाज फुटला नाही. तिने खिडकीबाहेर वाकून पुन्हा म्हटलं, "एक."

धाकटी सुटली. टपालपेटीपर्यंत तिची पावलं जड पडत होती, त्यानंतर ऐकूच येईनाशी झाली. एकतिसाला ती कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

"बत्तीस," लेखिका म्हणाली. समोरच्या घरातलं कुणीतरी गॅलरीत येऊन बघायला लागलं. ती रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मोजत राहिली.