भागूच्या छातीतली गाठ

“मल्हारीला कामावरच्या कापडांनी लेकराला घिऊ देऊ नगं, सुगंधे. मेंढराला औषध लावल्या हातानं आमी कोकरू धरत नव्हतो,” सासू आक्काबाई म्हणाली होती. सुगंधा हसली होती. “आत्याबाई, बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघतायत अन् तुम्ही घरात सोवळं पाळता? कारखान्यात माणसं आहेत, मेंढरं नाहीत.”

आता दोन वर्षांच्या लेकीच्या, भागूच्या, छातीत दोन्हीकडं निंबोळीएवढी गाठ लागत होती. वयात येणाऱ्या पोरीला असते तशी.

संशय सरळ सासूवर गेला. म्हातारी वैजापूरहून कसल्या कसल्या पुड्या आणायची, आडोशाला बसून भागूला मधातून चाटवायची. विचारलं की म्हणायची, “बाळघुटीच हाय की!” सुगंधानं पुड्या हुंगल्या, जिभेवर ठेवल्या, डॉक्टरांना दाखवल्या. काही निघेना. शेवटी तिनं म्हातारीची पिशवी भरली. आक्काबाई भांडली नाही. एसटीत चढताना एवढंच म्हणाली, “माझ्या नातीला मी इख घालीन व्हय गं?”

त्याच आठवड्यात नामांतरावरून शहर पेटलं. संचारबंदी लागली. चिकलठाण्याच्या औषध कारखान्याची बस तीन आठवडे आली नाही. नवरा, मल्हारी, घरीच. भागूच्या गाठी मऊ पडल्या, विरत गेल्या. सुगंधानं म्हातारीच्या नावानं बोटं मोडली.

बस सुरू झाली. पंधरा दिवसांत गाठी परत आल्या. आणि घरात म्हातारी नव्हती.

संध्याकाळी मल्हारी दारात आला. भागू धावत जाऊन त्याला बिलगली. तिच्या ओल्या गालाला त्याच्या सदऱ्यावरची पांढरी भुकटी चिकटली.

“काय भरता हो तुम्ही तिथं?”

“बायांच्या गोळ्या. पाळणा लांबवायच्या.”

सुगंधाला बी.एस्सी.चा वर्ग आठवला. त्या गोळ्यांत बाईच्या अंगातलं हार्मोनच असतं. पेशीत एक प्रथिन हार्मोनची वाट बघत बसलेलं असतं. हार्मोन चिकटलं, की ते जाऊन जनुकाला उठवतं: लाग कामाला. समोर बाई आहे की दोन वर्षांची पोर, त्याला कुठं कळतं?

“आधी अंगावरचं काढा!” मल्हारी हलेना. तिनंच सदऱ्याची बटणं ओढली. त्याच्याही छातीवर तसाच उभार होता.

“मलाबी हाय,” तो भिंतीकडं बघत म्हणाला. “आमच्या खात्यातल्या समद्या गड्यांना हाय. लाजंनं कुणी बोलत न्हाई.”

वैजापूरला जाऊन ती सासूच्या पाया पडली. तेव्हापासून भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: तुमच्या आळीत गोळ्यांच्या कारखान्यात जाणारा एखादा गडी भर उन्हाळ्यातही सदरा काढत नसेल, तर त्याला काही विचारू नका. त्याच्या लेकराला मांडीवर घेऊन छातीत गाठ लागते का बघा.