नाल्याअलीकडचं नेटवर्क

मंगलीची खाट चौघांनी उपकेंद्राच्या दारातून आत घेतली, तेव्हा कुलदीप ऑफिसच्या फरशीवर पोट धरून बसला होता. समोर राऊटरचा उघडा खोका आणि केबलचं भेंडोळं.

"परड होती, बाई," मंगलीचा बाप देवाजी उपकेंद्राच्या सिस्टरला, संघप्रियाला म्हणाला. "धानाच्या बांधीत पऱ्हे उपटून राह्यली होती पोरगी. पायालेच डसली."

घोणस सापाला इकडे परडच म्हणतात. संघप्रियाने पाय पाहिला. पोटरीपर्यंत टम्म सुजलेला, दातांच्या खुणा ठसठशीत. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

सापाच्या विषावरचं इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं. पण ते तिनं एकटीनं कधी दिलं नव्हतं. औषध उलटलं तर पेशंट डोळ्यांदेखत जातो, म्हणून डॉक्टरांना विचारून द्यायचं, असं तिला बजावलेलं होतं. डॉक्टर ब्रह्मपुरीला, आणि तिकडचा रस्ता कालपासून नाल्याच्या पाण्याखाली. मोबाईलला या गावात रेंज कधीच नव्हती. त्यासाठीच तर हे वायरलेस कनेक्शन घेतलं होतं. छतावर डिश, समोरच्या पहाडीवर टॉवर, आणि मधलं सगळं जंगल ओलांडून इंटरनेट. कुलदीप काल ते बसवायला आला आणि काम अर्ध्यावर असताना नाला चढला. रात्री देवाजीकडे जेवून त्यानं ऑफिसातच खाली सतरंजी टाकली होती.

"कुलदीपभाऊ, किती येळ लागन?"

"डिश फिरवाची राह्यली, ताई. टॉवरच्या समोर आली का झालं."

त्याची जीभ जड झाली होती. संघप्रियाने वळून पाहिलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. असे डोळे तिनं वरोऱ्याच्या घरी लहानपणापासून पाहिले होते. बापाचे, सकाळी सकाळी. तिच्या डोक्यात सणक गेली.

"रात्री मोहाची घेतली काय?"

"नाई, ताई. थेंब नाई. पोट दुखून राह्यलं पहाटेपासून."

"सारे असंच म्हणतात."

"बाई, माह्या घरी त्यानं..." देवाजी काही सांगायला गेला.

"तुम्ही पोरीचा हात धरा, भाऊ. सुई लावाची आहे."

कुलदीप भिंतीच्या आधारानं उठला. त्यानं पाना खिशात घातला आणि शिडीकडे गेला. संघप्रिया सलाईन लावत होती, तेवढ्यात छतावरून हाक आली.

"ताई, टॉवर एकच आहे ना? मले दोन दिसून राह्यले."

खाटेभोवतीचे एकमेकांकडे बघू लागले. संघप्रियाला लाज वाटली, जणू तो तिच्याच घरचा होता. मंगलीचा नवरा मुखरू दारात सुन्न उभा होता. त्याला ती म्हणाली, "वरते जा. त्याले धरून ठेव, नाईतर पडन तो. टॉवर कुठी आहे ते दाखव त्याले."

मग बराच वेळ वरून मुखरूचाच आवाज येत राहिला. "इकडे. अजून इकडे. आता बोल्ट कस." मंगलीने रक्ताची गुळणी टाकली. देवाजीने ती आपल्या दुपट्ट्याने पुसली.

राऊटरवर हिरवा दिवा लागला. लॅपटॉपवर ब्रह्मपुरीच्या डॉक्टरबाईंचा चेहरा आधी तुकड्यातुकड्यांत आणि मग पूर्ण उमटला.

"पाय दाखवा, सिस्टर. आता हिरड्या."

कुलदीप मुखरूच्या खांद्यावर हात टाकून खाली आला होता. लॅपटॉप खाटेवर धरायला कोणी हवं होतं. त्यानं तो घेतला.

"कोण धरतंय? हलतंय सगळं!" डॉक्टर ओरडल्या.

कुलदीप गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कोपरं खाटेच्या माच्यावर टेकवली. चित्र स्थिरावलं.

"बाटल्या किती आहेत?"

"दहा, मॅडम."

"दहाही लावा. राखून ठेवू नका काही."

पहिल्या बाटल्या जाताच मंगलीला हुडहुडी भरली. अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. "मॅडम!" संघप्रिया ओरडली. पडद्यावरून शांत आवाज आला. सलाईन थांबवा. आता हे इंजेक्शन मांडीत द्या. मी आहे. थोड्या वेळाने पुन्हा चालू करा, हळू. संघप्रिया ऐकत गेली, करत गेली. मध्ये कधीतरी कुलदीपने लॅपटॉप स्टुलावर ठेवला, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

शेवटची बाटली संपली तेव्हा दुपार कलली होती. हिरड्यांतलं रक्त थांबलं होतं. मंगलीने डोळे उघडून पाणी मागितलं. देवाजी लॅपटॉपसमोर हात जोडून उभा राहिला आणि लेकरासारखा रडायला लागला. मुखरू बाहेर जाऊन पाहून आला. नाला अजून पुलावरून वाहत होता.

"गाडी पाणी उतरल्यावरच येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण पोरगी वाचली. अजून थोडा उशीर झाला असता, तर हाती लागली नसती. नेटवर्क कोणी जोडलं?"

संघप्रियाने मागे पाहिलं. कुलदीप भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. मान छातीवर, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. सकाळचा राग आता तिच्यात उरला नव्हता. कसाही असो, चढला तर होता. उठला की चहा करून देऊ आणि बोललो ते मनावर घेऊ नको म्हणू, असं तिनं ठरवलं.

"दाखवा तर खरं," डॉक्टर हसून म्हणाल्या. "थँक्यू म्हणते त्याला."

संघप्रियाही हसली. तिनं लॅपटॉप उचलून त्याच्याकडे वळवला.

डॉक्टरांचा नमस्कारासाठी उचललेला हात तसाच राहिला. त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"हा रात्री खाली झोपला होता का?"

"हो, मॅडम. इथीच."

"त्याचा श्वास बघा, सिस्टर. लवकर. ही झोप नाही, मण्यार चावलीय त्याला. एक तरी बाटली उरलीय का?"