उतरलेली सूज

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या आणि विनिताच्या डाव्या हातातलं पाणी परतायचा रस्ताच बंद झाला. हात सुजायचा, म्हणून नवरा श्रीरंग रोज सकाळी मनगटाकडून खांद्याकडे हलक्या हाताने मालिश करून ते पाणी वर सरकवायचा.

रविवारी त्याने टेपने हात मोजला. "सूज उतरली की गं! उद्यापासून मालिश बंद."

सोमवारी त्यांच्या चंदनसारच्या वस्तीत पाण्याचा टँकर आला, तेव्हा विनिता त्याच हाताने तिसरी भरलेली बादली घेऊन जिना चढत होती.

"अगं, डॉक्टरांनी जड उचलू नको म्हटलंय ना? पुन्हा सुजेल!" शेजारच्या जयवंतीकाकू ओरडल्या.

"सुजू दे, काकू."

 

ऑपरेशनपासून श्रीरंग तिच्या अंगाला हात लावायचा, तो फक्त त्या मालिशपुरता.